जावयाचा जिताडा

९ फेब्रुवारी, रविवार

तळ्यात चिलापी. दुसरं काहीच नाही.

धाकूबाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पाग टाकला, ओढला, पुन्हा टाकला. दर वेळी जाळं भरून आलं. भरलेलं जाळं पाहून मला बरं वाटलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सगळे मासे एकसारखे – तळहाताएवढे, करडे, पाठीवर काट्यांची करवत. त्यांनी जाळं बांधावर झटकलं आणि मासे तिथेच राहू दिले. बगळे आले. थोड्या वेळाने बगळेही गेले.

"बोईट नाय, कोलंबी नाय," धाकूबाबा म्हणाले. "जिताडा तर नायच."

गाव शीळफाट्यावरून आत, खाडीला लागून. तळ्याच्या बांधात लाकडी फळ्यांची उघाडी आहे. पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला फळ्या वर घ्यायच्या, खाडीचं पाणी आत येऊ द्यायचं. त्याबरोबर जिताड्याची बोटभर पिल्लं येतात. मग फळ्या खाली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाढलेला जिताडा काढायचा आणि पहिलं मानाचं जेवण जावयाला घालायचं. करिश्माच्या माहेरचा हा रिवाज. जावई मी.

दोन वर्षांपूर्वी प्रफुल्लने – करिश्माच्या धाकट्या भावाने – तळं भरून जागा बिल्डरला देण्याचा विषय काढला. तेव्हा बाबा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "ज्या साली जावयाच्या ताटात तलावाचा जिताडा पडनार नाय, त्या साली खुशाल माती टाका." प्रफुल्लने विषय सोडला. तेव्हा जिताडा मिळत होता.

आज तोही बांधावर उभा होता. मोबाइल बघत.

१२ फेब्रुवारी

दिवसभर तोंडी परीक्षा. मुलं कवितेचा भावार्थ पाठ करून येतात, कविता वाचून येत नाहीत.

टिटवाळ्याला घरी पाणी नव्हतं. टँकर आला तेव्हा करिश्मा बादल्या घेऊन खाली उभी. वर आल्यावर म्हणाली, "साई, बाबांना फोन कर अधूनमधून. तुझ्याशी तरी बोलतात. मला फक्त विचारतात, जेवलीस का."

फोन केला. "जेवलात का?" असं त्यांनी मलाही विचारलं. मग बराच वेळ पाण्याबद्दल बोलले.

१६ फेब्रुवारी, रविवार

संगमनेरला आईकडे मासा हा शब्दही जपून बोलायचा. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी जेवायला बसलो तेव्हा ताटात जाड पांढरा तुकडा होता, वर लाल रस्सा. मला खाता येत नव्हतं. ते कुणाच्याही लक्षात येऊ नये म्हणून मी फक्त भात कालवत राहिलो. धाकूबाबा समोर होते. त्यांनी हात पुढे करून माझ्या ताटातला काटा काढला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, "हलू खा. याचा काटा मोठा असतो. फसवत नाय."

माशांमधलं मला आजही काही कळत नाही. बाजारात पापलेट आणि हलवा यांत चुकतो. पण हा एक मासा मला कळतो. आधी गोड. मग शेवटी, घास गिळताना, चिखल – वाईट नव्हे, भातखाचराच्या मातीसारखा. ठाण्याच्या एका हॉटेलात एकदा जिताडा मागवला होता. गोड होता, माती नव्हती. अर्धा ठेवला. करिश्मा हसली होती. "बाबांनी तुला बिघडवून ठेवलंय."

२२ फेब्रुवारी

रसिकाचा फोन. माझी जुनी विद्यार्थिनी. मराठी घेऊन एक वर्ष काढलं, मग प्राणिशास्त्राकडे गेली, आता खाडीतल्या माशांची पाहणी करते. मी तळ्यातल्या चिलापीचा फोटो पाठवला होता.

"सर, हा आफ्रिकेचा. आपल्याकडे मुद्दाम आणला, गरिबांना स्वस्त मासा मिळावा म्हणून. गोडं पाणी चालतं, खारं चालतं, घाणेरडं चालतं. वर्षभर पिल्लं. दुसऱ्यांची अंडी खातो, पिल्लं खातो."

मी म्हटलं, असं एकाच तळ्यात झालं की सगळीकडे?

"सगळीकडे होतंय. तिकडे सुएझच्या कालव्यातून सिंहमासा भूमध्य समुद्रात शिरलाय. दिसायला सुंदर. तिथल्या माशांना कळतच नाही की हा आपल्याला खाणार आहे. पळतसुद्धा नाहीत. पूर्वी बघितलेलाच नाही ना."

पळतसुद्धा नाहीत – हे ती सहज बोलली. मी लिहून ठेवलं.

२ मार्च, रविवार

सासरी. चिलापी आली कुठून, हे आज बाबांनीच सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

त्यांनीच आणली. सात-आठ वर्षं झाली असतील. कुणीतरी सांगितलं की जिताड्याला खायला चिलापी टाका, बघा कसा फुगतो. त्यांनी डबाभर पिल्लं आणून सोडली. जिताडा फुगला. गावात नाव झालं. मग प्रत्येकाला तळ्यातला जिताडा हवा. मोठा एक जावयाला. एक कुठल्याशा साहेबाला. एक भाचीच्या लग्नात. एक असाच, मागितला म्हणून.

"मोठे मोठे काढत जेलो," ते म्हणाले. "खानारा काढला. खाद्य तेवढा ऱ्हायला."

सासूबाई आतून म्हणाल्या, "आता जावयाला काय सांगतोस? तेवा मी बोलत होतो त ऐकला नाय."

"तू कवा बोललीस?"

"मनात बोललो."

बाबा हसले. त्यांना समोरचे दोन-तीन दात नाहीत, हसताना ते ओठ मिटून घेतात.

उन्हाळ्यात मला वाढलेला प्रत्येक तुकडा आठवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. गोड आणि माती, एवढंच आठवतं.

११ मार्च

प्रफुल्ल कल्याणला आला होता, कॉलेजच्या बाहेर भेटला. चहा घेतला. त्याने दोन कप घेतले आणि मला पैसे देऊ दिले नाहीत.

"दाजी, मी काय व्हिलन आहे काय? सांगा ना. तलाव मेलाय. आजूबाजूचे सगळे भरले, टॉवर झाले. आमचाच एक खड्डा राहिलाय मध्ये. पावसात डेंग्यू. बाबा त्या दिवशी बांधावरून घसरले, गुडघा हा एवढा सुजला. कोणाला बोलले नाहीत. आई मला बोलली."

मी म्हटलं, माहीत नव्हतं.

"तुम्हाला कसं माहीत असणार. तुम्ही मे महिन्यात येता, जेवता, जाता." मग लगेच, "सॉरी हां. वाकडं घेऊ नका."

वाकडं घेतलं नाही. बरोबरच होतं ते.

निघताना म्हणाला, "तुम्ही बोला त्यांना. तुमचं ऐकतात. माझं बोलणं त्यांना टीव्हीसारखं आहे – चालू आहे तर चालू आहे."

मी बोलणार नाही. तसं त्याला सांगितलं नाही.

१२ मार्च

करिश्माला विचारलं, तुला काय वाटतं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "मी मुलगी. मला कोण विचारतंय." शेवटची घडी ठेवताना – "भरू नये असं वाटतं. पण तिथे राहायचं मला नाहीये, त्यांना आहे. म्हणून बोलत नाही."

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी त्यांच्याकडे उंच. काठीला साखरेच्या गाठींबरोबर सासूबाईंनी आंब्याचा मोठा डहाळा बांधला होता.

दुपारी बाबांबरोबर तळ्यावर गेलो. पाणी बरंच उतरलंय. पागात पुन्हा तेच. त्यातली एक मोठी त्यांनी हातात धरली. तिने तोंड उघडलं – आणि तोंडातून पिल्लं सांडली. तांदळाच्या कण्यांएवढी. त्यांच्या बोटांवर, मनगटावर, चिखलात. मी मागे झालो.

रसिकाने हे सांगितलं होतं. धोका वाटला की पिल्लं तोंडात घेते. अंडीही तोंडातच उबवते. तितके दिवस खात नाही.

बाबा बघत राहिले. मला वाटलं फेकतील. त्यांनी वाकून मासा पाण्यात सोडला, मग हात पाण्यात बुडवून ठेवला, बोटांना चिकटलेली पिल्लं सुटेपर्यंत.

"आई बरी हाय," ते म्हणाले. "मासा भिकार."

सासूबाईंनी रात्री चिलापीचंच कालवण केलं होतं. चिंच जास्त घातली होती. प्रफुल्लने ताट सरकवलं आणि अंडं मागितलं. "मांजर पन वास घेऊन जाते," सासूबाई म्हणाल्या. "मंग तुमी तरी का खावा." तरी मला दोन तुकडे वाढले. खाल्ले. वाईट नव्हते. कशासारखेही नव्हते.

६ एप्रिल

उत्तरपत्रिका. एकाने लिहिलंय: "कवी निसर्गावर प्रेम करतो कारण तो कवी आहे." पूर्ण गुण द्यावेसे वाटले.

१३ एप्रिल, रविवार

रसिकाशी पुन्हा बोललो. उपाय आहे म्हणते. उन्हाळ्यात तळं पूर्ण सुकवायचं, एकही डबकं ठेवायचं नाही. तळाला चुना मारायचा. पावसाळ्यात उघाडीला बारीक जाळी लावून खाडीचं पाणी घ्यायचं. खाडीच्या तोंडाशी जिताड्याची पिल्लं अजून मिळतात, तिने पाहिलीत. ती आणून सोडायची. "एक पावसाळा द्या सर. कदाचित दोन. नक्की सांगत नाही. पण तळं राहिलं तर. भरलं तर विषयच संपला."

संध्याकाळी सासरी जाऊन बाबांना हे सगळं सांगितलं. बांधावर बसून. ते ऐकत होते, मध्येच चुन्याबद्दल विचारलं – किती, कसा. ऐकताना पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते.

"व्हईल," ते म्हणाले. "करता येईल. पन कोनासाठी?"

मी म्हटलं, जावयासाठी.

ते माझ्याकडे बघून हसले. ओठ मिटून. "माझे पोऱ्याला कोंबडी लागते. नातवंडांना त्या पिवल्या नूडल्स. तुमाला चव कलते, म्हनून त ठेवलाय ह्यो तलाव. नाय त मना काय."

शीळफाट्यापर्यंत चालत सोडायला आले. नेहमी येतात. रिक्षावाल्याशी माझ्या वतीने भांडले.

१९ एप्रिल

तळ्याचं पाणी गुडघ्याच्या खाली आलंय, असा प्रफुल्लचा मेसेज. खाली फोटो. फोटोत पाणी दिसत नाही, पाठीच दिसतात. लिहिलंय: "दाजी, बघा तुमचा जिताडा सापडतोय का यात."

२४ एप्रिल

ऊन. काही नाही.

२८ एप्रिल

करिश्माला माहेरून फोन. रविवारी जेवायला बोलावलंय. बाबा म्हणाले, एक जिताडा दिसला. रविवारी पहाटे काढणार.

करिश्माने फोन ठेवून मला दोनदा तेच सांगितलं. मग कुकर लावला.

मलाही बरं वाटलं. किती बरं वाटलं, याचं आश्चर्य वाटलं.

२९ एप्रिल

प्रफुल्लचा फोन. आवाज वेगळा.

"दाजी, त्या चिखलात जिताडा? मी रोज बघतोय. शक्यच नाय. आईच काहीतरी करणार, बाजारातून आणून वाढणार, मला माहिती आहे ना ती. म्हणून मी बाबांना बोललो, चला, फैसला करू. दाजी खातील आणि दाजी सांगतील. तलावाचा आहे की बाजारचा. ते तलावाचा बोलले तर मी पुन्हा तोंड उघडणार नाय, देवाशप्पथ. बाजारचा बोलले तर जूनच्या आत माती."

बाबा काय म्हणाले?

"बोलले, कबूल. जावय सांगल ते."

मला कुणी विचारलं नाही. पण नाही म्हणालो नाही.

३ मे

उत्तरपत्रिकांच्या मॉडरेशनचं काम संपलं. करिश्मा म्हणाली, बाबा आज एकटेच ठाण्याला जाऊन आले. डोळ्यांच्या डॉक्टरकडे. खोपटच्या एसटी स्टँडला उतरून चालत गेले म्हणे. प्रफुल्ल गाडीने सोडतो म्हणाला तर नको म्हणाले. "ऊन किती आहे, साई. हट्ट बघ त्यांचा."

उद्या जेवायला.

४ मे, रविवार

गेलो. ओटीवर पाट मांडले होते. मासा पहाटे काढला, असं बाबांनी सांगितलं. प्रफुल्ल तेव्हा झोपलेला. सासूबाईंच्या हाती आला तेव्हा साफ केलेला होता.

प्रफुल्ल माझ्यासमोर बसला. त्याच्या ताटात कोंबडी. बाबा शेजारी. करिश्मा दाराच्या चौकटीला टेकून उभी. सासूबाईंनी वाढलं आणि लगेच पाठ फिरवली, चुलीकडे बघत राहिल्या. चुलीवर काही नव्हतं.

तोच जाड पांढरा तुकडा. तोच लाल रस्सा. काटा काढला. घास घेतला.

गोड. मग – काही नाही. गिळेपर्यंत थांबलो. माती आली नाही. मांस थोडं आखडलेलं, बर्फात राहिलेल्या माशासारखं. हॉटेलातल्यासारखं. आता संशय नव्हता. सासूबाईंनीच बदलून बाजारातला वाढला. प्रफुल्ल म्हणाला होता तेच.

"बोला दाजी," प्रफुल्ल म्हणाला.

एक पावसाळा, रसिका म्हणाली होती. कदाचित दोन.

"तळ्याचाच आहे," मी म्हटलं.

बाबा ताटाकडे बघत होते. "नीट खा. घाई नाय. मंग सांगा."

दुसरा तुकडा घेतला. सावकाश खाल्ला.

"तळ्याचाच. नेहमीसारखा."

"चिखल लागतो?"

"लागतो."

बाबांनी मान हलवली. प्रफुल्लने हातातलं हाड ताटात ठेवलं. "ठीक आहे," तो म्हणाला. "शब्द दिला तर दिला. आई, दाजींना अजून वाढ." चिडला नव्हता. मला वाटलं होतं चिडेल.

सासूबाई वळल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. आमचं गुपित आमच्यात राहिलं, असं मनात म्हटलं.

बाबांचा भात तसाच होता. "ऊन लागलाय काल," म्हणाले आणि आत जाऊन पडले. शीळफाट्यापर्यंत सोडायला प्रफुल्ल आला, स्कूटरवर.

रात्री करिश्माने विचारलं, "खरंच होती का रे ती चव?" मी हो म्हटलं. तिलाही.

५ मे

खोटं बोललो. फारसं काही वाटत नाही. खोट्याने कुणाचं नुकसान झालं नाही, एवढं बघितलं की पुरतं.

७ मे

रसिकाला कळवलं. ती खूश. तळ अजून आठवडाभर तापू द्या, भेगा पडू द्या, मग चुना. जाळी कुठली लावायची त्याचा फोटो पाठवला. पिल्लांसाठी ती स्वतः येणार आहे. "सर, माझ्या अख्ख्या पाहणीत पहिल्यांदा कुणीतरी तळं राखतंय."

बाबांना फोन लावला. उचलला नाही. त्यांना कमी ऐकू येतं.

९ मे

कल्याणला चुनावाल्याकडे जाऊन आलो. पोती बघितली. मला त्यातलंही काही कळत नाही. तो म्हणाला, "तलावाला? पहिल्यांदाच ऐकतोय." रविवारी टेम्पो पाठवायचं ठरलं. बाबांना सांगायचं नाही, एकदम घेऊनच जायचं, असं करिश्मा म्हणते. ती बऱ्याच दिवसांनी स्वतःहून माझ्याबरोबर यायला निघाली आहे.

बाबांनी आजही फोन उचलला नाही.

११ मे, रविवार

टेम्पो निघायच्या आधी प्रफुल्लचा फोन. सकाळी तळ्यात मातीचा पहिला डंपर रिकामा झाला.

मी म्हटलं, तू शब्द दिला होतास.

"मी नाय दाजी. बाबांनी बोलावला डंपर. मासा त्यांनीच आणलेला, ठाण्याच्या बाजारातून. डॉक्टरकडे गेलेच नव्हते. आईलासुद्धा पत्ता नाय, ती आपली तलावाचा मिळाला म्हणून रडत होती. मी बोललो, बाबा, आता कशाला भरता, दाजी तर तलावाचाच बोलले. तर बोलले, म्हणूनच. जावयाला बाजारचा कलला असता, त पैज मोडून अजून एक पावसाला उघाडी उघडली असती."